चार बोटं पत्रा

कार्ड चार बोटं लांब निघालं.
मी मोजून घेतलं होतं, पण मोजलं होतं
आप्पांच्या टेपनं, जिचं पहिलं टोक
कधीच्या काळी धोट्यानं उडवलेलं.
घरात सगळ्यांना ठाऊक. विसरले मीच.

वडगावात, मागच्या खोलीत, दोन मागांच्या पलीकडे
हा डबा दोन हजार बारापासून बसलाय.
काठाची नक्षी काढायला घेतलेला,
एक चौकोन म्हणजे एक धागा,
मोराच्या मानेला अख्खा रविवार.
मग नक्ष्या सुरतेहून तयार यायला लागल्या,
डब्यावर लाइटबिल भरणं उरलं
आणि रात्री मी.

माझ्या खेळात एक घोडा आहे.
डोंगरावरून तो धावत उतरायला हवा,
उतरायचा मात्र थांबत थांबत,
भिंतीवर ओळीनं चिकटवलेल्या फोटोंसारखा.
गवत मी बंद ठेवलेलं. सावल्या बंद.
पाण्यातलं आभाळसुद्धा.
इस्त्री केलेल्या परकरासारखा हिरवा डोंगर.

खडे बाजारात मक्तुमसाब म्हणाला,
"वापरलेलं हाय ताई, जळलेलं नाही.
कॅफेतलं. पोरं नुसती क्रिकेट खेळायची त्याच्यावर."
सहा हजार आठशे.
फौंड्रीच्या ऑफिसातला बोनस मी दोनदा मोजला,
त्यानं एकदाही नाही.
"डब्यात पावर किती हाय?"
अडीचशे वॅट, म्हटलं. तो हसला नाही, बरं वाटलं.
मग साडेचारशेचा सप्लाय उधारीवर,
आणि मॉनिटर जुना, निळ्या पिनेचा,
म्हणून एक कन्व्हर्टर:
कार्ड बोलतंय एक, पडद्याला कळतंय दुसरंच,
मधे बसून हा सांगणार.
आमच्या गल्लीत हे काम अडिवेप्पा करतो,
बँकेत, दवाखान्यात, फुकट.

पत्राही त्यानंच कापला.
रविवारी उद्यमबागेतून ग्राइंडर घेऊन आला,
हार्डडिस्कच्या कप्प्याकडे बघून
कन्नडमधे कायसं पुटपुटला, मला सांगितलं नाही.
ठिणग्या उडतील म्हणून आईनं
मागावरचं लुगडं गोधडीनं झाकलं.
तुकडा खाली पडला, गरम, कडेला निळसर.

पंखा फिरला. पडदा काळा.
रॅम काढून खोडरबरानं पुसली.
काळाच.
तिसऱ्यांदा कुठे अक्षरं उमटली
तोच आप्पांनी दुसरा माग चालू केला
आणि बल्ब, पंखा, माझा बोनस
एकदम खाली बसले.
"दोन्ही मिळून चालणार नाही की हो," अडिवेप्पा म्हणाला,
"वायरिंग म्हातारं झालंय."
आप्पांनी माग थांबवला.
माग थांबला की आमच्या घरात
भांडी ठेवल्याचेसुद्धा आवाज ऐकू येतात.

आणि गवत आलं.
पातं न् पातं, वाऱ्याला वळणारं,
टापेखाली दबून मागे पुन्हा उठणारं.
"घोडा थांबव जरा," आप्पा म्हणाले.
चष्मा कपाळावर ढकलून पडद्याला नाक लावलं,
ताग्यातला चुकलेला धागा शोधतात तसं.
"ताण्यात किती?"
तेराशे सहासष्ट.
"बाण्यात?"
सातशे अडुसष्ट.
"आमच्या लुगड्याला जास्त लागतात."
समाधानानं मागे सरले.
मग, जरा वेळानं,
"पण हे हलतंय."

आता ठरलंय. साडेदहाला माग बंद, मग घोडा.
ऑर्डरी असल्या की घोडा उभाच.
प्रोसेसर जुना, गावात शिरलं की खेळ अजून अडखळतो,
ते पुढच्या दिवाळीला बघू.

कापलेला पत्रा मी भंगारात टाकणार होते.
आप्पांनी तो दुसऱ्या मागाच्या पायाखाली सरकवला,
तिथं फरशी खचलीय.
हातोडीनं ठोकून बसवला, बटण दाबलं,
कान देऊन ऐकलं थोडा वेळ.
"आता डुलत नाही," म्हणाले.